उसाच्या चिपाडाचं कपाट

३ जानेवारी, शनिवार
मागच्या खोलीतलं कपाट बसलं. शिवण्णा सुतार शेवटचं दार लावून हात झटकत म्हणाला, "नोडी सार, फस्टक्लास." पाहिलं. अख्खी भिंत भरलीय. खाली बाळाची दुपटी, वर वृंदाचे कपडे, मधल्या फळीवर माझी शाळेतली कवितांची पुस्तकं. बोर्ड उसाच्या चिपाडाचे. एकही झाड तोडलेलं नाही असं दुकानदार म्हणाला आणि मी तिथंच विरघळलो. प्रत्येक फळीच्या मागे हिरव्या पानाचा छाप.
वृंदा पहिलं बाळंतपण माहेरी करणार. फेब्रुवारीत. सगळ्या फळ्यांवरून हात फिरवला. आनंद व्हायला हवा होता. होईल.

५ जानेवारी
इंदूअक्का आनेकलहून आली. वृंदाची आई सुधा आता नाही, म्हणून बाळंतपण अक्का करणार. बहात्तर पुरचुंड्या घेऊन बसमधून उतरली. ओवा, शेपा, अहळीव, डिंक. चप्पल काढायच्या आधी खोलीचा ताबा. खिडकी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं.
"बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरता कामा नये. आत्तापासून उबवून ठेवायची. गार भिंती अंगात शिरतात."
निखाऱ्यांवर ओव्याची धुरी. मग नाक उडवून म्हणाली, "कपाटाला वास आहे रे वसंता. असायचाच. नव्या नवरीला हळदीचा असतो तसा."
मला काही कळलं नाही. सुधा गेली त्या वर्षी मला ताप आला, तेव्हापासून वासच येत नाही. कॉफीचा नाही, मोगऱ्याचा नाही. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. सुधाला नेलं तेव्हा घरभर उदबत्त्या होत्या म्हणे.

८ जानेवारी
दुपारी बंद खोलीत कविता म्हणत बसलो. बाळाला म्हणून दाखवायच्या, सराव. पेठेतल्या आमच्या मराठी शाळेत गुरुजी टाळ्या वाजवून चाल बांधायचे. शेवटच्या बाकावरचा कानडी मुलगासुद्धा डोलायचा. शब्द सगळे आले. एकही अडला नाही. आत काही हललं मात्र नाही, पाढे म्हटल्यासारखं.
डोळे चुरचुरले. धुरी असेल.

१० जानेवारी, शनि.
वृं. आणि जावई समीर महादेवपुऱ्याहून खोली बघायला आले. मी दार उघडून बाजूला उभा. वृं. दोन पावलं आत गेली, पदराने नाक दाबून तशीच बाहेर. डोळ्यांतून पाणी.
"अण्णा, हे काय आहे?"
"कपाट. तुझ्यासाठी."
"वास! तुम्हाला येत नाहीये?"
नाही म्हणालो. कधीपासून, तेही सांगून टाकलं. ती बघतच राहिली. अक्का म्हणाली, "अगं बाई, म्हणून मेला माझ्या करपलेल्या भाजीला छान म्हणतो!" समीर हसला. वृं. नाही.
मग ती फळीच्या मागचं पान बघत उभी राहिली. "अण्णा, बोर्ड उसाचा, कबूल. पण तो भुसा चिकटवलाय कशानं?"
हे मी विचारलंच नव्हतं. ऊस म्हटल्यावर मला गुऱ्हाळ दिसलं होतं, रसाची काहील, आजोळ.
वृं. समजावत होती. स्वस्त गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं, ते महिनोन् महिने हवेत सुटत राहतं, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, खोली जितकी गरम आणि बंद तितकं जास्त. तान्ह्या बाळाला तर नकोच.
"आणि तुम्ही खिडकी लावून शेगडी पेटवलीत."
अक्का फणकारली. "मग काय बाळंतीण अंगणात निजवू? चार पोरं काढली मी अशाच खोलीत."
"आत्या, त्या खोलीत शेणानं सारवलेल्या भिंती होत्या. हे नव्हतं."
जाताना गाडीत बसून वृं. म्हणाली, "अण्णा, मी इथे बाळाला नाही आणू शकत. रागावू नका."
रागावलो नाही. काहीच झालं नाही. गेटची कडी लावली, आत आलो.

१२ जानेवारी
इंदिरानगरला दुकानात. दुकानदार ओळखून हसला. गोंद कसला, विचारलं.
"एल्ला ग्रीनु सार." सगळंच ग्रीन.
"पण गोंद?"
त्याने फोन लावला, बराच वेळ कानडीत बोलला. मग खरं ते सांगितलं. पानाचा छाप फक्त उसासाठी आहे. गोंद नेहमीचाच. त्या वायूशिवायचा गोंद वापरलेला बोर्ड वेगळा येतो, तसं सांगून मागवावा लागतो. "तुम्ही झाड-झाड म्हणत होता सार. मी झाडाचंच उत्तर दिलं."
खोटं बोलला नाही बिचारा.

१४ जानेवारी, संक्रांत
वृं.चा फोन. तीळगूळ घ्या वगैरे. मग, समीरची आई नागपूरहून यायला तयार आहेत, महादेवपुऱ्याच्या फ्लॅटवरच सगळं करू. "तुम्ही रोज या ना अण्णा."
"सरी, बरं," म्हणालो.
अक्काने पुरचुंड्या परत पिशवीत भरल्या. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढल्या.
घर चिडीचूप. मला त्याचंही विशेष वाटेना, हे लिहून ठेवतो.

१६ जानेवारी
शिवण्णा सणाला गावी. फोन केला तर म्हणे, पुढच्या आठवड्यात, सार. मीच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. आधी सगळी पुस्तकं आणि दुपटी बाहेर. दुपटी धुवायला टाकली. अक्का दारात.
"खिडकी उघडायची नाही हां. मग म्हणशील अक्कामुळे."
"ती इथे येणारच नाहीये अक्का."
"मग कपाट कशाला सोडवतोस?"
सोडवत राहिलो. तिसरी फळी सुटून पायाशी आपटली. अक्का आली, दुसरं टोक धरलं. "धर नीट. शाळेतही असाच धांदरट." दोन म्हातारी, एकेक फळी, गच्चीपर्यंत. मध्येच तिला खोकला लागला. जिन्यावर बसली, म्हणाली, माझाही घसा धरलाय रे चार दिवस. तिला वाटलं होतं, ओव्याचा धूर.

१७ जानेवारी
सकाळी उठलो तर मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी. लुगडं दोरीवर वाळत. अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघतोस काय? सध्या राहू दे. बाळंतीण आली की कानाला रुमाल बांधीन, झालं."
वॉचमन शंकरप्पाने गच्चीवरचे बोर्ड मागितले. त्याच्याकडे एकच खोली, लहान नात. नाही म्हणालो. कारण सांगितलं. पटलं नसावं. या म्हाताऱ्याला द्यायचंच नाही, असा चेहरा करून गेला.

२१ जानेवारी
वृं.ला फोटो पाठवला. रिकामी भिंत, स्क्रूची भोकं, उघडी खिडकी. निळी खूण आली, उत्तर नाही. संध्याकाळी एकच ओळ: वास अजून आहे का?
मी कसं सांगणार. अक्काला आत पाठवलं. बराच वेळ उभी राहिली. "स्वल्प आहे. कोपऱ्यात." तसंच कळवलं. अक्का म्हणाली, नाही म्हणायचंस ना वेड्या. नाही म्हणवेना.

२५ जानेवारी, रवि.
पहाटे समीरचा फोन. दिवस भरायच्या आधीच. मुलगी. दोघी ठीक, बाळ जरा लहानखुरं. नागपूरच्या आईंचं विमान परवाचं.
हॉस्पिटलात काचेतून पाहिली. मूठ उघडत होती, मिटत होती. बघत राहिलो. छातीत काहीतरी, नाव नाही देत.
वृं. थकलेली. "अण्णा, उद्या सोडतील म्हणतात." समीरकडे पाहिलं, त्याने छताकडे.
म्हटलं, "खोली रात्रंदिवस उघडी आहे. अक्काचं नाक घे, माझ्यावर जाऊ नकोस. वास वाटला तर पुढची खोली. तीही नको, तर मी महादेवपुऱ्याला येतो."
"बघते," म्हणाली. डोळे मिटून.

२६ जानेवारी
सकाळपासून वृं.चा फोन नाही, इकडे येतेय की महादेवपुऱ्याला जातेय. अक्का तांदळाचं माप हातात घेऊन दारात उभी आहे. किती जणांचा भात लावू, विचारतेय. थांब म्हटलं. थांबलीय.