तळ्याचे पाणी

नैनिताल, १९ मे १९५३, सायंकाळ.

केदारहून परतताना मोटार येथे तासभर थांबली. सोबतच्या हळ्ळीखेडच्या दत्तोबाने बायकोच्या उरलेल्या अस्थी तळ्यात सोडल्या.

"अप्पा, तुमी काय सोडणार?"

"आमच्या लिंगायतांत पुरतात. सोडायला काय उरत न्हाई."

"मग न्या की तांब्याभर! तळं काय आटत न्हाई."

यात्रेकरूंकडून ऐकलेले हे तळे माझी पत्नी नीलम्मा हिला एकदा पाहायचे होते. पाणी सर्वत्र सारखेच, असे सांगून मी तिला दरवर्षी निरुत्तर केले. आता ती तळहातावर इष्टलिंग घेऊन आमच्या गावी, निर्ण्याच्या मातीत आहे. ती शिवात मिळाली. म्हणून शोक अयुक्त. युक्तिवादात दोष सापडत नाही.

पण पाणी सर्वत्र सारखेच असेल, तर तोंड बांधलेला हा तांब्या मी मांडीवरून खाली का ठेवत नाही?