चुकलेल्या बकरीमागं

उकंडा वावरातून बोरी अरबच्या घरी आला, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि भाकरीच्या टोपल्याखाली बायकोची, इंदूबाईची, चिठ्ठी होती.

"दाविदचे बाबा,

वरण चुलीवर हाये, गरम करून घ्या. मी लोहाऱ्याले जाऊन राह्यली. आपला दाविद खोलीवर तापानं एकटाच पडला हाये, असं त्याच्या शेजारची विमलताई सांगून गेली. तुमाले इचारलं असतं तं तुमी जाऊ देलं नसतं.

पिऊन आला म्हनून तुमी त्याले हाकललं, तवा मी काही बोलली नाही. पन काल एक बकरी चुकली, तं बाकीच्या तशाच सोडून तुमी नाल्यापर्यंत गेलते. काट्यातून काढून तिले खांद्यावर आनलं. एक शिवीही देली नाही. तुमाले पाहून मले वाटलं, चर्चमधी सांगतेत तो प्रभू चुकलेल्या मेंढरामागं असाच गेला असन. मंग पोरामागं कोनं जावं?

रागावू नका. जेवून घ्या.

इंदू"

उकंडा जेवला नाही.

दिवस बुडताना इंदूबाई एकटीच परत आली. "लय वाळला," ती भिंतीला टेकत म्हणाली. "येत नाही म्हनते. ज्यानं हाकललं त्यानं बलावलं तं येईन म्हनते."

उकंडानं चपला पायात सरकवल्या आणि तो उंबरठ्यावर बसला. लोहाऱ्यावरून यवतमाळकडं जाणारी शेवटची एसटी गावातून निघून गेली, तरी तो तिथंच बसून होता.