चिमट्याचं तेल

१ ऑक्टो. ७८, रवि.
प्रताप नगरच्या वळणावर पुन्हा तोच खड्डा. आठवड्यात दुसऱ्यांदा. मोटारसायकलवर मी मागे; कमरेपासून दातांपर्यंत हादरले. हे म्हणाले, "चिमटा बसला गाडीचा. धक्का झेलतच नाही." लग्नानंतर पहिल्यांदा 'चिमटा दे' ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातला नेऊन दिला होता. पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्यांना चिमटा म्हणतात, हे तेव्हा कुठे माहीत. अजून चिडवतात.
दिवाळीनंतर पचमढी. लग्नाला पंचवीस वर्षं. गाडीवरच जायचं, असं ह्यांचं ठरलेलं.

४ ऑक्टो.
गुलाब मिस्त्री येऊन गेला. नळ्यांवरून तेलाचे ओघळ. "वहिनी, सील गेले. तेलच नाही राहिलं त स्प्रिंग एकटी काय करन?"
ह्यांना नुसते सील नकोत. जाड तारेच्या स्प्रिंगा, त्यावर लोखंडी ठोकळा, म्हणजे सामानासकट गाडी दबणार नाही. मिस्त्री म्हणाला, "भाऊसाहेब, पचमढीले जाऊन राहिले का लढाईले?"
हे हसले. मग म्हणाले, "चिमटा दणकट पाहिजे गा. मग खड्डा दिसला काय, न दिसला काय."
हे वाक्य दिवसभर डोक्यात. काहून, कोण जाणे.

८ ऑक्टो., रवि.
स्प्रिंगा आणि सील मिस्त्रीने बसवले. तेल मात्र नेहमीसारखं ह्यांनीच भरलं. दर नळीत दोनशे मिली. माप म्हणजे नंदाची दुधाची काचेची बाटली. नंदा सासरी गेली, बाटली गाडीच्या हत्यारांत राहिली.
मी व्हरांड्यात मेथी निवडत होते. 

९ ऑक्टो.
डाव्या नळीतून पुन्हा तेल. नवा सील! मिस्त्रीने दोन्ही नळ्या रिकाम्या करून मोजल्या. डावीत बाटली काठोकाठ, उजवीत दीडशेही नाही. "भाऊसाहेब, एकीले पोट फुटेस्तोवर पाजलं, दुसरीले उपाशी ठेवलं!"
हे म्हणाले, "आकडे पुसले बाटलीवरचे."
मिस्त्री गेल्यावर बाटली राखेने घासली. आकडे काचेतच उठावाचे आहेत. बोटाला लागतात. एकही पुसलेला नाही. काल बघायला हवं होतं.

११ ऑक्टो.
वर्षभर सकाळी पेपर मी मोठ्याने वाचते. 'तुझा आवाज बरा वाटते' म्हणाले होते. मी सुखावले होते. गोष्टींतल्या माणसांच्या मनात काय चाललंय ते पानंच्या पानं लिहिते, आणि घरच्या माणसाचं हे दिसलं नाही.
ह्यांच्या चष्म्याचा नंबर, म्हणे. दोनदा बदलला. खड्डा, पेपर, बाटली. सगळं एकाच रांगेत उभं राहिलं.
बोलले तर गाडी जाईल. गाडी गेली तर हे कसे बसतील घरात? आणि नाही बोलले तर छिंदवाड्याच्या पुढचा घाट. तिथे दणकट चिमटा काय कामाचा.
आज नाही बोलले.

१५ ऑक्टो., रवि.
मिस्त्रीने परवा सील पुन्हा बदलले. आज तेल. ह्यांनी बाटली उन्हात धरली. बराच वेळ. मग अंगठा हळूहळू आकड्यांवरून फिरवला. मी मेथी नाही, काहीच निवडत नव्हते. नुसती बसले होते.
माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू ओत वं."
मी ओतलं. ह्यांनी नरसाळं धरलं.
"किती?" ह्यांनी विचारलं.
"दोनशे."
"नक्की?"
"रेघेला रेघ."
दुसरी नळीही तशीच. वरचे नट आवळले, हात पुसले. पुढचा ब्रेक दाबून गाडी तीनदा खाली रेटली. खाली गेली, सावकाश वर आली. आवाज नाही.
"पाहिलं? काय मस्त दबते."
पाहिलं, मी म्हणाले.
मग फडक्याची घडी घालत, "रस्ताही असाच सांगशील का, मागून?"
"आधी डोळ्यांचा डॉक्टर."
ह्यांनी बाटली स्वतः धुऊन आणली आणि हत्यारांत न टाकता माझ्याजवळ ठेवली.
उद्या दहा वाजता दवाखाना. बसने जायचं की गाडीवर, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.