बाजाररस्त्यावरचे ठोकळे

गुरुवार, ११ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा कागदच बरा वाटला. कागदावर निदान बोलणं मधेच तोडता येत नाही.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनचं ठरलं का? इकडे आई बऱ्या आहेत. डोळ्यांत थेंब घालताना लहान मुलासारखा त्रास देतात आणि वर मलाच ओरडतात. बाथरूमचा नळ अखेर बदलून घेतला. मी कामावर परत रुजू झाले. बाजाररस्त्याची बस नको, दुसरा कुठलाही मार्ग द्या, अशी विनंती केली होती. पण ड्रायव्हर कमी आहेत, म्हणून तोच मिळाला.

तुम्ही परवा आईंना म्हणालात, "नोकरी वाचवायला तिनं नवऱ्याला पुढे केलं." फोन स्पीकरवर होता. आईंना तो बंद करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी ओट्याशी उभी होते. म्हणून आता पहिल्यापासून सगळं सांगते. पटलं नाही तरी चालेल, पण वाचा.

तुम्ही सासरी गेलात तेव्हाचा बाजाररस्ता आता डोळ्यांसमोर आणू नका. आधी पूल बांधला. कोंडी सुटली नाही, पुलाच्या पायथ्याशी जाऊन बसली. मग फुटपाथ कापून रस्ता रुंद केला. वर्षभरात त्या रुंद केलेल्या भागात दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि मधली वाट होती तेवढीच राहिली. भर दुपारी ट्रक माल उतरवायचे. बसमधली माणसं उतरून चालायला लागायची आणि माझ्या पुढे निघून जायची. एकदा एक आजोबा काचेवर टकटक करून म्हणाले, "बाई, पुढे जाऊन सांगू का कुणाला, तुम्ही येताय म्हणून?"

मग डेपोत महापालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या. त्या म्हणाल्या, रस्ता वाढवला की गाड्या वाढतात, कोंडी तिथेच राहते. आपल्याला गाड्या नाही, माणसं हलवायची आहेत. त्यांनी डाव्या कडेने बसची वेगळी लेन आखली, सिमेंटचे ठोकळे लावून बाकीच्या गाड्यांपासून तोडली आणि रस्त्यावरचं पार्किंग बंद केलं. ताई, खरंच फरक पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिसरा गिअर टाकायला मिळाला. लोक गाडी घरी ठेवून बसने यायला लागले.

त्यात एक आयाबाई होत्या, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या. रोज माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. पूर्वी घरी पोचेपर्यंत नातवंडं झोपलेली असायची, आता जागी सापडतात म्हणायच्या. मला त्या पायलट म्हणायच्या. "चला पायलट, उडवा."

आणि त्याच लेनने आपलं दुकान डबघाईला आणलं. हेही खरं आहे आणि ते मी कुणापाशी नाकारलेलं नाही. गाडी लावायला जागा नाही म्हटल्यावर पंखे आणि कूलर घ्यायला कोण येणार? हे म्हणायचे, "कूलर मांडीवर घेऊन तुझ्या बसमध्ये बसवू का गिऱ्हाइकाला?" बाजाराच्या मागे वाहनतळ होणार होता. माल उतरवायला मागच्या गल्लीत जागा मिळणार होती. इंजिनिअरबाईंनी कागदावर दोन्ही दाखवलं होतं. लेन झाली, बाकीचं राहिलं. त्यांची बदली झाली आणि मग विचारायचं कुणाला, तेही कळेना.

सुरुवातीला हे जेवताना चेष्टा करायचे, "आज माझी किती गिऱ्हाइकं पळवलीस?" नंतर चेष्टा थांबली. नंतर बोलणंच थांबलं. सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान आपल्या हातून बुडतंय, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. रागावलेला माणूस मला सोसवतो. ते नुसते ताटाकडे बघत बसायचे.

एका सकाळी मी बस घेऊन गेले तर दुकानासमोरचे ठोकळे पहारीने सरकवून बाजूला केलेले. घरी विचारलं तर म्हणाले, "मीच काढले. शेजारच्यांनी हात लावला. टेम्पो आत यायला फट नको का?"

"त्या फटीतून कुणीही घुसेल," मी म्हटलं.

"तुझी बस अडते का? नाही ना? मग झालं."

मी डेपोत कळवलं नाही. घरातली गोष्ट म्हणून गप्प बसले.

अपघाताच्या दिवशी दुकानासमोरच्या स्टॉपवर आपल्याच दुकानाचा टेम्पो उभा होता. कूलर उतरवत होते. बस कडेला घेता येईना. मागे आणखी एक बस येऊन हॉर्न वाजवत होती, आतली माणसं दारात गोळा झाली होती. मी कडेपासून लांब, लेनच्या मध्येच थांबले आणि दार उघडलं. आयाबाई पहिल्या उतरल्या. त्याच फटीतून आत आलेला एक मोटारसायकलवाला बसच्या डावीकडून पुढे काढायला गेला. मला आरशात त्यांची पिशवी दिसली आणि मग पिशवीच दिसली फक्त.

हे धावत आले. ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्यांनी आयाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि टेम्पोतले कूलर रस्त्यावर ढकलून त्याच टेम्पोतून त्यांना नेलं. त्यांच्याच हॉस्पिटलात. पण हॉस्पिटल मागच्या दिशेला; वळून बाजूच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या दाटीतूनच टेम्पोला जायला लागलं. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी विचारलं, ठोकळे कुणी काढले. दुकानदार म्हणाले, माहीत नाही. शेजारचे, ज्यांनी पहार धरली होती, तेही म्हणाले, माहीत नाही. मला विचारलं तेव्हा आयाबाईंची सून समोर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर तीच पिशवी होती. मी सांगितलं, माझ्या नवऱ्याने काढले.

नोकरीचा विचार तेव्हा मनात आला नव्हता, असं लिहिलं तर तुम्ही मानणार नाही. आला होता. स्टॉप सोडून दार उघडल्याबद्दल डेपोत माझीही चौकशी चालू आहे.

हे जामिनावर सुटले तेव्हापासून दुकानाच्या माळ्यावर राहतात. व्यापारी संघटनेने त्यांचं नाव काढून टाकलं. आई डबा पाठवतात, तो रिकामा परत येतो, म्हणजे जेवतात. आई मला पहाटे चहा करून देतात आणि रोज तेच विचारतात, "सांगायलाच हवं होतं का गं?" मी कप विसळून निघते.

आणि लेन? ती काढून टाकली. अपघात झाला म्हणून. ठोकळे ट्रकमध्ये भरून नेले आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या. दुकानासमोर पार्किंग आहे आता, शटर मात्र खाली. मी रोज त्याच्यासमोर कोंडीत उभी असते. माळ्याची खिडकी दिसते. कधी ती उघडी असते.

सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. तुम्ही निरोप पाठवलात, "जबाब फिरव, संसार वाचव." तो मी फिरवणार नाही. ठोकळे कुणी काढले, टेम्पो कुणाचा होता, जे सांगितलं तेच पुन्हा सांगेन.

पण एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही, आईंनाही नाही. इतका वेळ नळ आणि गुडघा लिहीत बसले ते त्यामुळेच असेल.

त्या दिवशी मी हॉर्न दिला तेव्हा हे टेम्पोपाशीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला आणि खाली दाबला. तिथेच थांब, तिथेच उतरव. घरात पाहुण्यांसमोर मी काही बोलायला लागले की करतात, तसाच. मी त्यांच्याकडे बघत बघत दाराचं बटण दाबलं. आरशात नंतर बघितलं.

वकील म्हणतात, दार तिथे का उघडलं, हे विचारणारच. हाताचं सांगितलं तर माझी नोकरी बहुतेक राहील आणि ह्यांची शिक्षा वाढेल. मी एवढंच सांगणार आहे, की दार मी उघडलं. बटण माझ्यापाशी होतं, आरसाही माझाच होता. चौकशीवाल्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे.

तुम्हाला लिहिलं, कारण माझ्याशिवाय हे कुणाला तरी माहीत असावं असं वाटलं. ह्यांच्याजवळ मात्र बोलू नका. त्यांनी हात केला होता, हे त्यांना आठवत असेल तर माळ्यावर एकट्याने आठवणं पुरेसं आहे. आठवत नसेल तर राहू दे तसंच.

सोमवारनंतर आईंना काही दिवस तुमच्याकडे न्या. थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे आहेत. आधी डावा डोळा, नाहीतर रुसतात.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुमची वहिनी