स्वल्पविरामाचा ठोका

प्रिय ठमे,

सकाळपासून तेच कपाट पुन्हा पुन्हा लावतेय. बसलं की हात शिवशिवतात, उठलं की गुडघे कुरकुरतात, म्हणून शेवटी लिहायला घेतलं.

तुझ्या लेकीच्या नव्या इंग्रजीच्या बाईंनी तुला शाळेत बोलावून जे सुनावलं, ते तू मला फोनवर सुनावलंस. आता माझंही ऐक. परीक्षेत पोर बाकावर टकटक करत होती, म्हणून तिला उठवून दाराशी एकटीला बसवलं. टकटक मीच शिकवली, आणि त्याची मला काडीची लाज नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला तशीच शिकवली होती. वाक्याचा सुरुवातीचा तुकडा वाचून झाला, की बोटाच्या पेराने टेबलावर एक ठोका, आणि तिथेच स्वल्पविराम. ‘इन द मॉर्निंग’, ठोका, मग पुढचं वाक्य. याच ठोक्यावर मी जन्मभर ऑफिसात साहेबांची पत्रं टाइप केली. साहेब चुकायचे, मी नाही.

बाई म्हणतात, एवढ्याशा सुरुवातीनंतर स्वल्पविराम नसला तरी चालतो. चालतो म्हणे! चालायला काय, अनवाणीही चालता येतं. आणि तू नंदीबैलासारखी मान डोलावून आलीस. जावईबापूंनी तर लगेच क्लासही शोधला, तोही नेमका शनिवारी दुपारी, पोर माझ्याकडे यायची त्याच वेळेला.

तुला शिकवायला बसले, की तू पाणी प्यायच्या निमित्ताने पळायचीस, ती गुल! तुझी लेक पळत नाही. ठोका देते आणि आजी खूश झाली का, म्हणून चोरून बघते. मग मैत्रिणींच्या चहाड्या, मग तुझ्या. एका वाक्याला अर्धी दुपार जाते आमची. गेली तर गेली, मला कुठे गाडी पकडायची असते?

काल शनिवार होता. जिन्यात कुणाचीही पावलं वाजली, की मी उठून दार उघडत होते. शेजारीण म्हणाली, “मावशी, कुणी यायचंय का?” मी म्हटलं, “छे, हवा येऊ देतेय.”

तर मुद्द्याचं बोलते. स्वल्पविराम गेला खड्ड्यात. बाई सांगतील तसं लिहू दे तिला, मी चष्मासुद्धा लावणार नाही. फक्त क्लासनंतर तिला इकडे पाठव. गप्पा मारू दे, भांडू दे, नुसती लोळू दे. आणि सोडायला येशील तेव्हा खालूनच हॉर्न वाजवून पळू नकोस. वर ये. ओरडणार नाही. फार नाही.

तुझीच,
आई