लांबचं गवत

प्रिय ठिणगी,

पाकिटावर आईचं अक्षर पाहून तू ते उघडलं असशील. आत मी आहे. लगेच रागावू नकोस, तुझा पत्ता मी पाहिलेला नाही. मी कागदाची घडी करून तिच्या हातात देणार, पत्ता तिनं लिहायचा आणि पेटीत तिनंच टाकायचं, असं आमचं ठरलंय. आज बुधवार. शनिवारपर्यंत पोचेल म्हणते. रविवारी दुपारी तीनच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं, नाहीतर उपयोग नाही. का, ते सांगतो. पण मला कधी एकदम मुद्द्यावर यायला जमलंय? तेव्हा फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही. कारखान्यात नवी धुलाईयंत्रं आली, इस्त्रीचे नवे रोलर आले, पण बॉयलर तोच. आमची म्हातारी. सव्वीस वर्षं मी तिच्यासमोर उभा आहे आणि अजून सकाळी दाबाचा काटा वर सरकेपर्यंत माझा जीव खालीवर होतो. शाळा सुटली की तू तिथे यायचीस, बादली पालथी घालून बसायचीस. मी भट्टीचं दार उघडलं की एखादी ठिणगी उडायची आणि तू टाळ्या पिटायचीस. तुझं नाव तिथलं. घर सोडून गेलीस तरी ते नाव तू टाकलं नाहीस, हे मला नंतर कळलं. कसं कळलं, तेही सांगायचंय.

दोन वर्षं चार महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. रोज आईशी बोलतेस, ती गॅलरीत जाऊन दार ओढून घेते. परत आली की मी पेपरात डोकं घालतो आणि ती कुणालाही न सांगितल्यासारखं म्हणते, जेवली बरं का ती. तेवढ्यावर माझा दिवस निघतो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोलत नाही. फोनवरच्या खेळात तुमच्या चौघींचा शेवटचा सामना होता. मी तुझा फोन देवाच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि माळ घेऊन पाठमोरा बसलो. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, बाबा, फक्त चाळीस मिनिटं. मग म्हणालीस, बाबा, तिघी माझ्यासाठी थांबल्यात. तिसऱ्यांदा नुसतंच बाबा म्हणालीस. मी मणी ओढत राहिलो. एकशे आठ पुरे केले, मग उठून कुलूप काढलं. तोवर सामना संपला होता. तुझ्या हातात बंदुकीचा खेळ नको, मन करपेल, असं मी जगाला सांगितलं. खरं सांगू? मी कामावरून आलो की तू मान वर करत नव्हतीस, ते मला सोसत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी देवाला आड घातलं. त्याला ते आवडलं नसणार. तो जप मी आजही मोजणीत धरत नाही.

तू गेलीस, फोन कपाटातच ठेवून गेलीस. सहा महिने त्याला मी हात लावला नाही. मग तुझी अभ्यासाची वही रद्दीत घालताना शेवटच्या पानावर तुझं अक्षर दिसलं. वर लिहिलं होतं, म्हाताऱ्या फोनला कसं खेळवायचं. खेळायच्या आधी एकदा बंद करून चालू करायचा. बाकी सगळं बंद. चित्र सगळ्यात साधं, सावल्या बंद. कव्हर काढायचं, चार्जिंगला लावून खेळायचं नाही, मध्ये थंड फरशीवर ठेवायचा. माईक लावायचा नाही, लावला की वीस सेकंदांत अडकतो. फोटो सगळे काढून टाकायचे, बॉयलरचा सोडून. मी ते पान दोनदा वाचलं. अगं, म्हातारीशी मी हेच करतो! सकाळी सगळे एकदम वाफ मागतात आणि काटा धाडकन खाली येतो. म्हणून आधी धुलाई, मग रोलर, शेवटी वाळवणी, एकाला देताना दुसऱ्याचा कॉक बंद. हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं. बादलीवर बसून तू पाहिलंस, आणि दोन जीबीच्या फोनवर लावलंस. आणि मी म्हणत होतो, पोरगी वेळ वाया घालवते.

फोन चालू केला तेव्हा उद्देश एवढाच होता की बॉयलरचा तो फोटो बघावा. मग खेळ उघडला. शिकायला मला पाच महिने लागले. विमानातून उडी मारायचो आणि जमिनीवर पाय टेकायच्या आत फोन अडकायचा, सुटेपर्यंत मी मेलेला असायचो. आई म्हणायची, नाकावर चष्मा, हातात बंदूक, आता शेजारच्यांना काय सांगू, कोण आहे हा? पण तुझ्या पानावरचं एकेक केलं आणि फोन हळूहळू सुरळीत झाला. फक्त एक गोष्ट कळेना. समोरची माणसं उघड्या माळावर, भर उन्हात पालथी पडलेली असायची. मला वाटायचं, डोकं फिरलंय का यांचं? एकदा जेवणाच्या सुट्टीत रोलरवरच्या मुलीच्या नव्या फोनवर तीच जागा पाहिली, तर तिथे कमरेएवढं गवत डुलत होतं. ती हसून म्हणाली, काका, तुमच्या फोनमध्ये ताकद नाही, तो लांबचं गवत दाखवतच नाही. म्हणजे ती माणसं आपल्या समजुतीनं लपलेली होती. दिसत होती फक्त माझ्या मोडक्या फोनला.

आता अवघड भाग आला. तू दर रविवारी दुपारी तीनला खेळात शिकाऊंसाठी खोली उघडतेस, क्रमांक टाकतेस, वर लिहितेस, कुणीही यावं, दार उघडं आहे. तुझं नाव मी शोधलं होतं. ठिणगी नावाचे अकरा जण निघाले, पण नावाशेजारी पालथ्या बादलीचं चित्र ठेवणारी एकच होती. मी आलो. गेले अकरा रविवार येतोय. वाफ नावाचा जो कधी बोलत नाही, नुसती अडखळत अक्षरं टाकतो, तो मी. तू मला म्हणालीस, ए वाफ, इतक्या लवकर मरत जाऊ नकोस, मजा जाते. म्हणालीस, तुझं उत्तर येईपर्यंत चहा उतू जातो. एकदा विचारलंस, माईक का लावत नाहीस? मी लिहिलं, फोन जुना आहे, अडकतो. ते खरं होतं. खरं बोलून खोटं बोलणं मला या वयात जमलं. दर रविवारी अडीचपासून मी फोन फरशीवर ठेवून घड्याळ बघत बसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तुझ्या प्रत्येक वाक्याला मला वाटे, ओळखलंस. आणि ओळखलं नाहीस की त्याहून वाईट वाटे.

मग गेला रविवार. शेवटी दोघंच उरलो. खेळातल्या गिरणीच्या भिंतीमागे तू पालथी होतीस, लाल टोपी, शंभरएक पावलांवर. तुझ्या फोनवर गवत असणार. माझ्या फोनवर काहीच नव्हतं, मातीत पडलेली तू. बोट बटणावर होतं. आणि मला कारखान्यातला चादरींचा ढीग आठवला. तू त्यात लपायचीस, दोन्ही पाय बाहेर, आणि मी मोठ्यानं म्हणत फिरायचो, कुठे गेली बाई ही? मी तसाच फिरलो. भिंतीला वळसा घातला, झाडामागे पाहिलं, परत आलो. तू मला आडवं केलंस आणि लिहिलंस, वाफ, आंधळा आहेस का? डोळे तपासून घे! मी एवढा हसलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता शेजारी बसली. तिला सगळं केव्हापासून ठाऊक होतं, देव जाणे.

त्याच संध्याकाळी फोनवर सूचना आली. या महिन्याअखेर नवी आवृत्ती येते आहे, यापुढे या फोनवर खेळ चालणार नाही. म्हणजे येता रविवार शेवटचा. आई म्हणाली, नवा घ्या की. दोन दिवस मी त्यावर विचार केला. नवा फोन घेतला तर वाफ आणखी दहा वर्षं तुझ्या खोलीत लपून बसेल. इतके दिवस मला वाटत होतं, तू गवतात आहेस आणि मी उघड्यावर. आहे उलटं. तुझ्या उघड्या दारातून येऊन गवतात पडलो होतो तो मी. म्हणून हे पत्र. रविवारी तीनला मी त्याच नावानं येईन. आता तुला ठाऊक आहे. नको असेन तर नावावर बोट ठेवून खोलीतून काढून टाक, दुसरं नाव घेऊन मी पुन्हा येणार नाही. देवाची शपथ घ्यायचा हक्क मी घालवलाय, आपल्या बॉयलरची, म्हातारीची घेतो. पण राहू दिलंस, तर गिरणीच्या भिंतीपाशी ये. मी बंदूक खाली टाकून उभा असेन. कव्हर काढून, सावल्या बंद करून, फोन फरशीवर थंड करून, तुझं सगळं पान पाळून. फक्त एक नियम मोडणार आहे, माईक लावणार आहे. वीस सेकंद मिळतील. तू त्या दिवशी दाराशी तिसऱ्यांदा बाबा म्हणालीस, त्याला ओ द्यायला तेवढे पुरतात.

तुझाच,
बाबा