निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

श्रीरामपूर, ३ मार्च २०२५

चि. केदार यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

आणि केवळ तुलाच नव्हे. ‘कळवतो’ एवढ्या एका शब्दावर कंपन्यांनी टांगून ठेवलेल्या तुझ्या वयाच्या सगळ्या पोरापोरींना हे लिहिते आहे असं समज. माझ्या पत्राचंही भाषण होतं असं तुझे बाबा म्हणतात. होऊ दे. तोंडावर नाही म्हणायचं धैर्य नसलेल्या लोकांपुढे तुम्ही इस्त्रीचे शर्ट घालून उभे राहता, याचा मला संताप येतो.

परवा राहात्याला गेले, तर चौकात फ्लेक्सवर तू! ‘कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळी गल्ली, सलूनवाल्यासकट. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत कधी रुजू होऊ शकाल असं तुला विचारलं, तेवढ्यावर तुझ्या बाबांनी, आमच्या नृसिंहने, पेढे वाटले. मी म्हटलं, अरे, नेमणुकीचं पत्र तरी पाहिलंस का? तर म्हणतो, ताई, तुला सगळ्यात खोट दिसते, पोरगा सुप्याला ट्रेनिंगला लागलासुद्धा.

तुझा फोन मात्र बंद. ट्रेनिंगमध्ये फोन काढून घेतात हे तुझ्या बाबांना पटतं, मला नाही. खरं काय ते लिही. फ्लेक्सवर तू गोरापान दिसतोस, तेवढं एक खोटं पुरे.

लोभ आहेच. उत्तर आलं की वाढेल.
विजयाआत्या


सावेडी, अहिल्यानगर, ७ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ट्रेनिंग नाही. नोकरीही नाही. रुजू कधी होणार हे ते सगळ्यांनाच विचारतात, हे मला ठाऊक नव्हतं. मंदीमुळे जागाच गोठवल्याचा मेल आला, तोवर बाबांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. मी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पुढचं सगळं खोटं तिथून सुरू झालं.

नंतर जिथे गेलो तिथे नकार. एका ठिकाणी मुलाखत घेणारे साहेबच म्हणाले की पुढच्या महिन्यात त्यांची खुर्ची राहील का, हे त्यांनाही माहीत नाही. त्यानंतर मला प्रश्नच ऐकू येईनात. आता बोलावणं आलं तरी घाम फुटतो. अभिनंदनाचे फोन येतात म्हणून फोन बंद केला. डबा देणाऱ्या कडूबाई दार वाजवतात, अरं मेल्या, जेव की, म्हणून ओरडतात. मी आत श्वास रोखून बसतो.

एक सांगतो, बाबांना सांगू नकोस. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं मी बंद केलंय. त्या दिवशी कठड्याजवळ फार वेळ उभा राहिलो. आत्या, मला माझीच भीती वाटते.

माया असू दे.
केदार


राहाता, १० मार्च २०२५

चि. केदार,

आशीर्वाद नंतर, आधी ऐक. आयुष्यभर भरल्या सभांपुढे बोलले, आणि आज तुझ्या एकट्यासाठी शब्द सापडेनात. घाबरले आहे मी.

बाबांना सांगू नकोस म्हणालास. सांगितलं, आणि त्याची माफी मागणार नाही. तुझं पत्र घेऊन तडक राहात्याची एसटी पकडली. नृसिंहने ते वाचलं, चष्मा पुसला, आणि शेजारची शिडी मागून आणली. भर चौकात फ्लेक्सच्या दोऱ्या त्याने स्वतः कापल्या. सलूनवाल्याने काय झालं विचारलं, तर म्हणाला, नोकरी नाही मिळाली पोराला; पोरगा राहिला म्हणजे झालं.

बाजार उतरला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, तसं तुम्हा पोरांना ओतून देणाऱ्या या काळाशी मी भांडणार आहे. पण ते नंतर. नोकरीही नंतर. तुझी भीती पळाली असं मी लिहिणार नाही; ती आहे, मलाही आहे. तिच्यासाठी डॉक्टरांकडे आपण बरोबर जाऊ. त्यात लाज कसली?

हे पत्र राहात्याला लिहिलं, पण टपालाने आलेलं नाही; तू वाचशील तेव्हा आम्ही ते घेऊन सावेडीला आलेलो असू. दार वाजवलं की तू श्वास रोखतोस, म्हणून तुझ्या धाकट्या बहिणीने, मनवाने, ते आत्ताच दाराखालून सरकवलं आहे. ती उंबऱ्याशी बसली आहे. जिन्यात तुझे बाबा आहेत, मी आहे. कोणी काही विचारणार नाही.

लोभाचं काय लिहू, तो दाराबाहेरच उभा आहे. ऊठ, केदार. कडी काढ.

विजयाआत्या